पहिली पेरणी

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात बीबी नावाचे गाव आहे. सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणारा रस्ता या गावावरून जातो. एका दिशेस जिजाबाईंचे जन्मस्थान आणि दुसऱ्या दिशेस उल्कापाताने निर्माण झालेले लोणारचे खारे सरोवर, असा हा इतिहासाचा आणि निसर्गनवलाचा परिसर आहे. येथील जमीन काळ्या पाषाणाच्या झिजेतून तयार झाली आहे. सखल भागात ती काळी व खोल, तर माळावर उथळ व मुरमाड असते. सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा व ज्वारी ही येथील मुख्य पिके. विहिरींचे पाणी काहींनाच पुरते. बाकीच्यांची सारी भिस्त आभाळावर. अशा पावसावरच्या शेतीस आपण कोरडवाहू शेती म्हणतो.

मुलांनो, या गावातील एका घराची आपण कल्पना करू. या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेतीचे काम झाले. पण स्वतःचे शेत मात्र कधीच नव्हते. आजोबा दुसऱ्याच्या घरी सालदार होते. वडील मजुरी करता करता निवर्तले. आई निंदण, कापणी, वेचणी अशी मिळतील ती कामे करी. घरात सातवीत शिकणारी एक मुलगी होती. आई आणि मुलगी मिळून घरात दोघीच.

शेतात आयुष्य घालवूनही शेत नसणे, ही आपल्या देशातील लाखो माणसांची जुनी व्यथा आहे. ती दूर व्हावी म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली व पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह घडवून आणले. हजारो स्त्री-पुरुषांनी त्यांत तुरुंगवास पत्करला. ‘कसणाऱ्याला जमीन मिळाली पाहिजे’ ही त्यांची मागणी होती. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २००४ साली एक योजना सुरू केली. अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजांतील भूमिहीन शेतमजुरांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन द्यावी, असे त्या योजनेत ठरले. प्रारंभी निम्मी रक्कम अनुदान व निम्मी कर्ज अशी तिची रचना होती. २०१८ पासून सर्वच रक्कम अनुदान म्हणून देण्याचे ठरले. विधवा व परित्यक्ता स्त्रियांना या योजनेत अग्रक्रम आहे. मिळालेली जमीन विकता येत नाही; ती स्वतःच कसावी लागते.

अशा रीतीने आपल्या या घराला चार एकरांचे कोरडवाहू वावर मिळाले. तलाठ्याकडे फेरफाराची नोंद झाली आणि सातबारा उताऱ्यावर आईचे नाव चढले. तो कागद आईने दोनदा उलटसुलट करून पाहिला व मुलीच्या हाती दिला.

“वाच बरे, काय लिहिले आहे?”

मुलीने आईचे संपूर्ण नाव मोठ्याने वाचले. आई म्हणाली, “आता पुन्हा एकदा वाच.”

त्या रात्री दोघींना लवकर झोप आली नाही. पण सकाळ झाली आणि आनंदाच्या पाठोपाठ चिंता उभी राहिली. जमीन आली, परंतु ती पेरायची कशाने? घरी ना औत, ना बैल, ना बियाणे. जमीन हे शेतीचे एक अंग झाले. भांडवल हे तिचे दुसरे अंग होय. भांडवलावाचून जमीन म्हणजे तेलावाचून दिवा.

मुलीने वहीचे नवे पान उघडले. आईने आजवर दुसऱ्यांच्या शेतांत सर्व कामे केली होती. कोणत्या कामास किती पैसे लागतात हे तिला तोंडपाठ होते. ती सांगत गेली आणि मुलगी लिहीत गेली. तीन एकरांत सोयाबीन व त्यात तुरीच्या ओळी, आणि एक एकरात घरच्यापुरती ज्वारी, असे त्यांनी योजिले. हिशेब असा झाला :

नांगरट, वखरणी व पेरणी, भाड्याच्या औताने : १४,००० रुपये
बियाणे : ९,००० रुपये
खते : ९,००० रुपये
डवरणी व निंदण : ८,००० रुपये
किडींवरील औषधे : ४,००० रुपये
कापणी व मळणी : १६,००० रुपये
एकूण : ६०,००० रुपये

महिला बचत गटात आईने थोडे थोडे करून साठवलेले १०,००० रुपये होते. उरलेले ५०,००० कोठून आणायचे?

मुलगी म्हणाली, “आई, आपण बैलजोडी घेतली तर भाडे वाचेल ना?”

“बैल वर्षभर खातात, बाई,” आई म्हणाली. “आपले वावर चार एकरांचे. जोडीला काम महिनाभराचे आणि चारा बारा महिन्यांचा. आधी पीक घेऊ, मग जोडी. नव्या शेतकऱ्याने पहिल्याच वर्षी सारे काही विकत घेऊ नये.”

आईच्या या बोलण्यात मोठे शहाणपण आहे. नवी शेती सुरू करणाऱ्याने पैसा आधी पिकात घालावा आणि नंतर साधनांत. जे भाड्याने मिळते ते आरंभी भाड्यानेच घ्यावे.

दोन दिवसांनी गावातील एक ओळखीचे गृहस्थ घरी आले. आई त्यांच्या शेतात कामास जात असे. ते म्हणाले, “तुम्हांला पैशांची अडचण आहे असे ऐकले. पन्नास हजार आजच घेऊन जा. कागद नको, खेटे नकोत. शेकडा तीन रुपये महिना द्या म्हणजे झाले.”

‘शेकडा तीन रुपये’ हे शब्द ऐकावयास किती लहान वाटतात! आईने विचार करून सांगते असे म्हटले. ते गेल्यावर मुलीने वही काढली. शंभराला महिना तीन रुपये, तर पन्नास हजारांना महिना १,५०० रुपये. पेरणीपासून मार्चअखेरपर्यंत नऊ महिने धरले तर व्याजच १३,५०० रुपये! वर्षाचा विचार केला तर हा दर शेकडा ३६ झाला.

“बियाण्याला ९,००० आणि व्याजाला १३,५००,” मुलगी म्हणाली. “आई, आपण सोयाबीन पेरणार की व्याज?”

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो येथे थोडक्यात पाहू.

१८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकरी सावकारी कर्जांनी इतके गांजले, की सुपे या गावापासून त्यांचा उठाव सुरू झाला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील कर्जखते बाहेर काढून जाळली. कारण त्या कागदांवरच त्यांच्या जमिनी बांधल्या गेल्या होत्या. शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी १८७९ साली कायदा झाला. पण नुसत्या कायद्याने पेरणीस पैसा मिळत नाही. सावकार नको, तर त्याच्या जागी कोण, हा प्रश्न उरलाच.

त्याचे एक उत्तर जर्मनीत सापडले होते. तेथील रायफायझेन नावाच्या एका गृहस्थाने १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे खेड्यातील लोकांची पतसंस्था स्थापन केली. एकट्या गरिबाला कोणी कर्ज देत नाही. पण गावातील अनेक गरीब एकत्र आले आणि ‘एकाच्या कर्जास आम्ही सर्व जबाबदार’ असे म्हणाले, तर त्यांची पत उभी राहते. शिवाय गावातील माणसे एकमेकांस ओळखतात. कोण कष्टाळू आहे व कोणाची अडचण खरी आहे, हे त्यांना ठाऊक असते. या विचारावर आधारलेला सहकारी पतसंस्थांचा कायदा हिंदुस्थानात १९०४ साली झाला.

महाराष्ट्रात अहमदनगर जिल्ह्यातील लोणी बुद्रुक येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ साली अशी पतसंस्था काढली. पुढे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकार्याने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला हंगाम १९५० साली सुरू झाला. म्हणजे त्या मोठ्या कारखान्याच्या मुळाशी गावातील लहानशी पतसंस्थाच होती.

तरीही सहकाराची वाट सोपी नव्हती. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली देशभर ग्रामीण कर्जांची पाहणी केली. तिचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याने घेतलेल्या १०० रुपयांपैकी सुमारे ७० रुपये सावकारांकडून येतात व सहकारी संस्थांकडून केवळ ३ रुपयांच्या आसपास, असे त्यात आढळले. त्यानंतर सहकारी संस्थांना शासनाने बळ दिले. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९८२ साली शेती व ग्रामविकासासाठी नाबार्ड ही स्वतंत्र बँक स्थापन झाली. १९९८ साली किसान क्रेडिट कार्डाची योजना आली. धरणाचे पाणी कालव्यातून चारीत व चारीतून वावरात येते. त्याचप्रमाणे हा पैसा नाबार्डकडून राज्य सहकारी बँकेत, तेथून जिल्हा बँकेत, तेथून गावच्या सेवा सहकारी संस्थेत आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती येतो.

आई आणि मुलगी संस्थेच्या कार्यालयात गेल्या. गटसचिवांनी सातबारा व आठ-अ हे उतारे पाहिले आणि म्हटले, “ताई, तुम्ही नव्या खातेदार आहात. प्रथम संस्थेचे सभासद व्हा. भाग घ्यावा लागेल. मग तुमचे पीककर्ज मंजुरीस पाठवू. व्याज वर्षास शेकडा सात.”

“आणि किती दिवस लागतील?”

“नवे खाते आहे. कागद तपासले जातील. थोडी वाट पाहावी लागेल.”

घरी येऊन मुलीने पुन्हा हिशेब केला. पन्नास हजारांवर वर्षाला ३,५०० आणि नऊ महिन्यांना २,६२५ रुपये. कोठे १३,५०० आणि कोठे २,६२५!

मे महिना संपला. मृग नक्षत्र लागले. कर्ज अद्याप मंजूर झाले नव्हते. आईने वेळ वाया घालवला नाही. बचत गटातील पैशांतून नांगरट करून घेतली. गावातील एका शेतकऱ्याने घरीच राखून ठेवलेले सोयाबीन उधारीवर ठरविले. मुलीने त्यातील शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात रांगेने मांडले व गुंडाळून ठेवले. सहा दिवसांनी गोणपाट उलगडले तेव्हा ७८ दाण्यांना कोंब आले होते. शंभरात सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर ते बियाणे पेरणीस योग्य समजावे.

आणि एके दिवशी संध्याकाळी पाऊस आला. मातीचा वास सुटला. दुसऱ्या दिवशी गावातील अनेक तिफणी वावरांत उतरल्या. ते गृहस्थ पुन्हा आले. “आता कशाची वाट पाहता? सारा गाव पेरतो आहे. पैसे घ्या आणि पेरा.”

आईचा जीव वरखाली झाला. आयुष्यभर दुसऱ्यांची पेरणी पाहिलेल्या त्या बाईला आपले काळे वावर रिकामे पाहवेना. ती मुलीकडे वळली. मुलीने अंगणात सरळ काठाचा एक डबा मांडून ठेवला होता. तिने त्यात मोजपट्टी धरली.

“आई, ३८ मिलिमीटर झाला. कृषी सहायक शाळेत आले होते, तेव्हा त्यांनी सांगितले, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून सोयाबीन पेरू नये. वरची माती ओली होते; पण खाली ओल नसते.”

आई बराच वेळ उंबऱ्यात बसून राहिली. शेवटी ती त्या गृहस्थांना म्हणाली, “दादा, तुम्ही अडचणीच्या वेळी आलात, हे मी विसरणार नाही. पण आम्ही थांबतो.”

थांबणे ही गोष्ट सोपी नसते. पुढचे बारा दिवस आभाळ कोरडे गेले. ज्यांनी घाईने पेरले होते, त्यांचे कोंब उन्हाने वाळले. त्यांतील काहींवर दुबार पेरणीची वेळ आली. आईला त्याचा आनंद झाला नाही. ज्याचे बियाणे मातीत गेले त्याचे दुःख तिला ठाऊक होते. त्याच दिवसांत कर्ज मंजूर झाले. पाठोपाठ तीन दिवसांत ९० मिलिमीटर पाऊस झाला आणि जूनच्या अखेरीस तिफण आईच्या स्वतःच्या वावरात उतरली. धुऱ्यावर उभ्या असलेल्या मुलीला आईने हाक मारली आणि पहिली मूठ तिच्या हातून पेरविली.

पीक चांगले उगवले; पण शेतीची परीक्षा एकाच दिवसाची नसते. ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे दडी मारली. सोयाबीनच्या फुलांची गळ झाली व शेंगा कमी लागल्या. तूर मात्र तग धरून राहिली. तिची मुळे खोल जातात व खालची ओल शोधतात. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत निघते, तर तुरीला साडेपाच-सहा महिने लागतात. दोन पिके सोबत घेण्यामागचा हेतू हाच, की एकाने मान टाकली तर दुसऱ्याने घर सावरावे.

ऑक्टोबरात तीन एकरांत १२ क्विंटल सोयाबीन झाले. ४,००० रुपये भावाने त्याचे ४८,००० आले. जानेवारीत ६ क्विंटल तूर झाली. ७,००० रुपये भावाने तिचे ४२,००० आले. एक एकर ज्वारीने घरचे धान्य भागले. वहीत जमेची रक्कम ९०,००० झाली.

आता कर्ज फेडण्याचा प्रश्न आला. मुदत ३१ मार्चची होती. एक आप्त म्हणाले, “घाई कशाला? आज ना उद्या कर्जमाफी होईल. २०१७ साली झाली, २०१९ साली झाली. पुन्हाही होईल. पैसे घरात ठेवा, छपराची दुरुस्ती करा.”

छप्पर खरोखरच गळत होते. आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “दुष्काळाने ज्याचे सारे गेले, त्याचे कर्ज सरकारने माफ करावेच. त्याला दुसरा आधार कोठला? पण आमच्या वावरात पीक आले आहे. मी पैसे ठेवून घेतले तर पुढच्या मृगात संस्था दुसऱ्या कोणाला काय देईल? माझ्यासारखीच कोणी नवी बाई सातबारा घेऊन दारात उभी राहील.”

मार्च संपण्यापूर्वी तिने मुद्दल ५०,००० व व्याज २,६२५ रुपये भरून पावती घेतली. मुलीने शेवटचा हिशेब मांडला. जमा ९०,०००. त्यातून खर्चाचे ६०,००० व व्याजाचे २,६२५ गेले. शिल्लक २७,३७५ रुपये. शेकडा तीनच्या व्याजाने हीच शिल्लक १६,५०० झाली असती. म्हणजे १०,८७५ रुपये केवळ विचार केल्याने वाचले. मुदतीत फेड करणाऱ्यास केंद्र व राज्य शासनाकडून व्याजात सवलत असते. तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडल्यास शेतकऱ्याला व्याजाचा भार पडू नये, असे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली जाहीर केले. मात्र या हिशेबात एक गोष्ट धरलेली नाही. घरच्या दोघींनी वर्षभर केलेल्या कष्टांची मजुरी त्यात नाही. ती धरली, तर नफा फार थोडा उरतो. लहान शेतकऱ्याचे जीवन असे काठावरचे असते, हे आपण विसरता कामा नये.

शिल्लक रकमेतून आईने पुढील हंगामाचे १०,००० प्रथम बाजूस काढले, दोन शेळ्या घेतल्या आणि मग छप्पर शाकारले.

पुढच्या वर्षी मृग लागण्यापूर्वी शेजारच्या वस्तीतील एक बाई दारात आली. तिच्या हाती नवा कोरा सातबारा होता. “ताई, जमीन मिळाली, पण आता पुढे काय करावे ते कळत नाही.”

आईने तिला बसावयास पाट दिला आणि मुलीला हाक मारली, “बाई, आपली ती वही आण बरे.”

शब्दार्थ
सालदार : वर्षाच्या कराराने शेतावर राहणारा गडी
वावर : शेत
धुरा : शेताचा बांध
निंदण : पिकातील तण काढणे
फेरफार : जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद
मुद्दल : व्याज सोडून कर्जाऊ घेतलेली मूळ रक्कम
दुबार पेरणी : पहिली पेरणी वाया गेल्यावर पुन्हा केलेली पेरणी

स्वाध्याय
१. आईने पहिल्या वर्षी बैलजोडी का घेतली नाही?
२. “आपण सोयाबीन पेरणार की व्याज?” या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
३. एकट्या गरिबास कर्ज मिळत नाही. अनेक गरीब एकत्र आले म्हणजे मिळते. असे का होते?
४. सोयाबीनबरोबर तूर घेतल्याने कोणता लाभ झाला?
५. कर्ज फेडण्याविषयी आप्तांचे म्हणणे व आईचे म्हणणे यांपैकी तुम्हांस कोणते पटते? कारणे द्या.
६. वाक्यांत उपयोग करा : भिस्त असणे, जीव वरखाली होणे, तग धरणे, दडी मारणे.
७. उपक्रम : शंभर दाण्यांची उगवण घरी तपासून पाहा व त्याची रोजची नोंद वहीत करा.